बिंदू कुठे द्यायचा? व्हेक्टर चित्रे शिकवतानाचा अनुभव

छत्रपती संभाजीनगरच्या एका कला महाविद्यालयात मी उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना संगणकावरील व्हेक्टर चित्रांकन शिकवतो, म्हणजे रंगीत ठिपक्यांऐवजी बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांनी बांधलेली चित्रे. माझ्या वर्गातली बहुतेक मुले-मुली सिल्लोड, अंबड, गेवराई, परतूर अशा तालुक्यांतून आलेली असतात. शाळेत असतानाच त्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेल्या असतात, त्यामुळे संकल्पचित्र, स्थिरचित्र आणि अक्षरलेखन यांचा हात बसलेला असतो. पोस्टर कलरचा थर डाग न पडता सपाट कसा द्यावा, हे त्यांना सांगावे लागत नाही. संगणक मात्र अनेकांच्या घरी नसतो. मोबाइल असतो, आणि त्यावर वाढदिवसाचे बॅनर करून चार पैसे मिळवलेलेही प्रत्येक तुकडीत दोघे-तिघे निघतातच. त्यांची नजर तयार असते, रंगांची समज असते, पण पेन टूल, म्हणजे बिंदू ठेवत रेषा बांधण्याचे साधन, हातात आले की हीच मुले एकदम अवघडतात, कारण आजवर रेषा काढताना त्यांचा हात आणि रेषा बरोबरीने चालत आलेली असते आणि इथे आधी ठरवावे लागते, मग रेषा उमटते.

शिकवण्याची रूढ पद्धत म्हणजे एका तासाला आयत आणि वर्तुळ, दुसऱ्या तासाला रंग भरणे, तिसऱ्या तासाला पेन टूल आणि शेवटी एक बोधचिन्ह. या पद्धतीने मुलांना टूलांची नावे पाठ होतात आणि सत्र संपते. मी ती सोडली आणि त्याऐवजी अशी कामे द्यायला लागलो ज्यांत चित्र संगणकाबाहेर पडून कुठल्या तरी यंत्राच्या, मागाच्या किंवा छपाईच्या हवाली करावे लागते. यामागचे कारण साधे आहे: पडद्यावर सगळीच व्हेक्टर चित्रे चांगली दिसतात. वाईट बांधलेले चित्रही तिथे गुळगुळीतच दिसते, आणि दिसण्यात काही कमी नसेल तर विद्यार्थ्याला शिक्षकाचे बोलणे निव्वळ कुरकुर वाटते. चित्र दुकानात गेले की हे झाकलेले सगळे उघडे पडते.

पहिल्या दिवशी मी चित्र काढायला सांगतच नाही. इंकस्केप या चित्रांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक त्रिकोण आणि एक वळणदार पान काढून मी ती एसव्हीजी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून दाखवतो. एसव्हीजी हे 2001 साली वेबसाठी प्रमाण म्हणून मान्य झालेले स्वरूप मुळात मजकूरच असल्यामुळे चित्राच्या जागी आकडे दिसतात: एम म्हणजे इथे लेखणी ठेवा, सी म्हणजे इथून तिथवर वळण घ्या, झेड म्हणजे आकार बंद करा. त्यातला एक आकडा बदलून फाइल पुन्हा उघडली की पानाचे टोक सरकलेले असते. हे पाहिल्यावर वर्गात शांतता पसरते आणि मग प्रश्नांची झोड उठते. प्रत्येक वळणाला चारच बिंदू लागतात, दोन टोकांचे आणि दोन हँडलांचे, म्हणजे वळणाचा बाक ठरवणाऱ्या दांड्यांचे, हे आकड्यांत दिसल्यानंतर ते पुन्हा समजावावे लागत नाही. ही वक्ररेषा 1960च्या आसपास फ्रान्समध्ये मोटारींच्या पत्र्यांचे आकार नेमकेपणाने नोंदवण्यासाठी घडली. रेनॉमध्ये पिअर बेझिए आणि सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो स्वतंत्रपणे तिच्यापर्यंत पोचले, आणि सिट्रोएनने आपले काम गुप्त ठेवल्यामुळे नाव बेझिए यांचे लागले. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत भाऊ किंवा वडील कामाला असलेल्या मुलांना हा इतिहास लगेच आपला वाटतो, म्हणून मी तो सांगतो. वर्तुळाची गोष्टही त्याच दिवशी निघते. पेन टूलच्या चार बिंदूंनी काढलेले वर्तुळ खरे वर्तुळ नसते. हँडलाची लांबी त्रिज्येच्या 0.5523 पट ठेवली तर चूक शेकडा 0.03 पेक्षाही कमी राहते, म्हणजे एक मीटर त्रिज्येच्या फलकावर पाव मिलिमीटरच्या आसपास. भूमितीच्या पेपरात कंपासने वर्तुळे काढलेल्या मुलांना ही जवळजवळ फसवणूक वाटते, आणि ती तशी वाटावी हे मला आवडते.

पहिले काम असते एका अक्षराचे. प्रत्येकाने आपल्या नावाचे आद्याक्षर बोरूने कागदावर लिहायचे, ते स्कॅन करायचे, त्यावरून पेन टूलने बाह्यरेषा बांधायची आणि ती फाइल शहरातल्या रेडियम कटिंगच्या दुकानात नेऊन अक्षर कापून आणायचे. रिक्षांवरची नावे, दुकानांच्या काचांवरची अक्षरे करणारी ही दुकाने आपल्याकडे चौकाचौकांत आहेत. त्यांच्या प्लॉटरमध्ये शाई नसते, बारीक पाते असते, आणि ते पाते फाइलमधली रेषा मुकाट्याने गिरवते. रंग कोणता आणि पोत कसा हे त्याच्या गावीही नसते. त्याला कळते ती फक्त बाह्यरेषा.

कन्नड तालुक्यातल्या एका मुलीने ‘क’ आणला होता. बोरूचा कट तिला चांगला साधलेला होता. पण वेळ वाचवण्यासाठी तिने स्कॅनवर सरळ ऑटो ट्रेस, म्हणजे बाह्यरेषा आपोआप काढून देणारी आज्ञा, चालवला होता, आणि पडद्यावर अक्षर इतके सुबक दिसत होते की तिला त्यात काही वावगे असल्याचे पटेना. आम्ही दोघे दुकानात गेलो. पाते ‘क’च्या डाव्या पोटाशी आल्यावर त्याचा सरळ जाणारा आवाज बदलला आणि ते थांबत थांबत, टकटक करत चालू लागले. दुकानदार म्हणाला, “सर, हे जागोजागी अडकायलंय. ताईंनी लई पॉइंट टाकलेत.” कापून झालेल्या रेडियमवरून नको असलेला भाग चिमट्याने उचलून काढताना पोटाची कड करवतीसारखी दातेरी निघाली, आणि शिरोरेषा जिथे उभ्या दांड्याला भेटते तिथे अक्षर आतूनच कापले गेले, कारण ऑटो ट्रेसनंतर तिने शिरोरेषा वेगळा आयत म्हणून वर ठेवली होती आणि दोन्ही आकार एकत्र जोडले नव्हते. पडद्यावर काळ्यावर काळे असल्याने तो जोड दिसत नव्हता. पात्याला मात्र त्या दोन वेगळ्या वस्तू होत्या आणि त्याने दोन्हींची कड इमानाने कापली.

परत आल्यावर आम्ही दोघांनी रंग लपवून फक्त रेषा दाखवणाऱ्या बाह्यरेषेच्या दृश्यात फाइल उघडली. ‘क’च्या पोटावर बिंदूंची रांगच लागली होती. नियम मी आधीही फळ्यावर लिहिला होता: वळण सर्वांत वर, सर्वांत खाली, सर्वांत डावीकडे आणि सर्वांत उजवीकडे जिथे पोचते तिथे बिंदू द्या, वळणाची दिशा जिथे उलटते तिथे लागल्यास एक द्या, आणि टोकदार कोपऱ्यावर द्या, बाकी कुठेही नको. हँडले शक्यतो आडवी किंवा उभी राहू द्या. फळ्यावरचा नियम आणि दुकानातून आलेली दातेरी कड यांत फरक असतो. मागच्या बाकावरचा परतूरचा एक मुलगा ते पाहून म्हणाला, “सर, औत बांधापाशीच वळवायचं असतंय. तासाच्या मधी वळवलं की तास वाकडं होतंय.” मला सुचले नसते असे हे बोलणे होते, आणि त्यानंतर वर्गात ‘बांध कुठाय?’ हाच प्रश्न रूढ झाला. त्या मुलीने ‘क’ पुन्हा बांधला तेव्हा बाहेरची संपूर्ण रेषा बोटांवर मोजता येतील इतक्या बिंदूंत बसली, आतले पोकळ पोट निराळा बंद आकार म्हणून आले, आणि शिरोरेषा व दांडा जोडून एक झाले. दुकानदाराने या वेळी काही टिप्पणी केली नाही, पैसे घेतले आणि पुढचे गिऱ्हाईक पाहिले.

ऑटो ट्रेसवर मी बंदी घातलेली नाही, हे मुद्दाम सांगतो. खडूची खरखरीत रेघ किंवा झिजलेल्या लाकडी ठशाचा पोत व्हेक्टरमध्ये आणायचा असेल तर ट्रेसच योग्य, कारण तिथे अनियमितपणा हाच हेतू असतो. पण अक्षरासारख्या आकारात प्रत्येक वळणामागे लिहिणाऱ्याचा एक निर्णय असतो, आणि तो निर्णय यंत्रावर सोपवला की विद्यार्थ्याला अक्षर कळलेच नाही असे होते. ‘सिम्प्लिफाय’ची आज्ञा देऊन बिंदू कमी करता येतात, हेही मुले लवकरच शोधून काढतात. तिने बिंदू कमी होतात खरे, पण ते आपल्या जागी येतात असे नाही. बोरूच्या टोकाचा तिरका काप गोल होऊन जातो.

दुसरे काम बिबी का मकबऱ्याच्या जाळ्यांचे. याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते बहुतेकांना सहज जमते. मुले तिथे जाऊन एका जाळीचे रेखाटन करतात आणि तिचा सर्वांत लहान असा तुकडा शोधतात जो फिरवून, उलटवून किंवा सरकवून सगळी नक्षी उभी राहील. षटकोनावर उभारलेल्या जाळीत हा तुकडा फार लहान निघतो. इंकस्केपमध्ये फरश्यांसारख्या प्रती करण्याची सोय आहे आणि तिथे 17 प्रकारच्या सममिती दिलेल्या असतात; सपाट पृष्ठभागावर दोन दिशांनी पसरणारी कोणतीही नक्षी या 17 प्रकारांपैकी एकातच बसते, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. कबरीभोवतीची संगमरवरी अष्टकोनी जाळी पाहताना पर्यटक वरून खाली नाणी टाकत असतात आणि माझी मुले आरसारेषा कुठे जाते यावर भांडत असतात, हे दृश्य मला दरवर्षी सुखावते. मूळ तुकड्यातला एक बिंदू हलवला की सगळी जाळी हलते, आणि तेव्हा ‘क्लोन’ आणि ‘कॉपी’ यांतला फरक एकदाच कायमचा कळतो.

तिसऱ्या कामाने मात्र मला स्वतःला विचार करायला लावले. पैठणीच्या पदरावरची मुनिया, म्हणजे तो छोटा पोपट, हा विषय मी दिला होता तो वळणांच्या सरावासाठी. वर्गात सुंदर मुनिया तयार झाल्या. चोचीपासून शेपटीपर्यंत एकच सळसळती रेषा, मान गोल, पंख नेटके. त्या छापून घेऊन आम्ही पैठणला एका विणकराकडे गेलो. त्यांनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “पोरांनो, चित्र झकास हाय, पण ही मान मागावर उतरायची नाही.” मग त्यांनी विणत असलेला पदर दाखवला. पारंपरिक पैठणीत नक्षी ताण्याचे, म्हणजे उभे, धागे मोजून, वेगवेगळ्या रंगांचे बाणे, म्हणजे आडवे धागे, एकमेकांत अडकवत विणली जाते, त्यामुळे पोपटाची मान प्रत्यक्षात पायऱ्यापायऱ्यांनी चढते. दुरून ती गोल दिसते, जवळून ती मोजलेल्या धाग्यांची शिडी असते. एक मुलगी गुडघ्यांवर बसून त्या पायऱ्या मोजत राहिली, दोन धाग्यांची एक पायरी, मग तीनची, मग पुन्हा दोनची, आणि त्या कमीजास्त पायऱ्यांनीच मानेचा बाक साधला होता.

व्हेक्टरची सगळी फुशारकी अशी असते की चित्र कितीही मोठे करा, ते फाटत नाही, कारण त्याला ठरावीक कण नसतात. मागाला मात्र कण असतात, आणि मुनियाचा डौल त्या कणांतूनच येतो. परत येऊन मुलांनी चौकटींची जाळी घेतली, बिंदू जाळीला चिकटतील अशी व्यवस्था केली आणि मुनिया पुन्हा बांधली. या वेळी एकही हँडल वापरायचे नाही, फक्त आडव्या-उभ्या सरळ रेषा. आधीची गुळगुळीत मुनिया या पायऱ्यांच्या मुनियेपुढे अगदी बेचव दिसू लागली. काही मुलांना तरीही पहिलीच आवडली आणि त्यांनी ती टी-शर्टसाठी ठेवून दिली, तेही ठीकच आहे. मला स्वतःला असे वाटते की वस्त्रावरची नक्षी व्हेक्टरमध्ये आणून गुळगुळीत करणे ही सध्याची एक सवयच झाली आहे आणि हिमरू, पैठणी यांच्या नावाने बाजारात फिरणारी निम्मी छापील नक्षी तिच्यामुळेच निर्जीव वाटते.

अजिंठ्याच्या छतांवरच्या कमळांनी याच्या उलट बाजू दाखवली. तिथली रेषा एका जाडीची नाही. कुंचला दाबला तिथे ती रुंदावते, उचलला तिथे निमुळती होते. मुलांनी ती एकसारख्या जाडीच्या स्ट्रोकने काढली तेव्हा कमळ रांगोळीच्या पुस्तकातले वाटले. म्हणून रेषेला रेषा न मानता, दोन कडा असलेला भरीव आकार मानून दोन्ही कडा वेगवेगळ्या बांधायच्या, असे ठरले. काम दुप्पट झाले आणि तक्रारीही तितक्याच वाढल्या.

सत्राचे शेवटचे आणि सर्वांत मोठे काम फळांच्या खोक्याचे असते. जालन्याची मोसंबी आणि बीडचे सीताफळ यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण शेतकऱ्याच्या हातचे खोके बहुधा कुठले तरी तयार, भलत्याच फळाचे चित्र छापलेले असते. विद्यार्थ्याने आपल्या घरच्या किंवा गावातल्या एका बागायतदारासाठी पुठ्ठ्याच्या खोक्याचे लेबल करायचे, फक्त दोन रंगांत, आणि ते स्क्रीन प्रिंटिंगने छापून आणायचे. दोन रंगांची अट खर्चामुळे आहे, कारण प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन, म्हणजे शाई उतरवणारी जाळीची चौकट, लागतो. पण शिकवण्याच्या दृष्टीनेही ती मोलाची ठरली. प्रत्येक रंगाची काळी प्रत ट्रेसिंग पेपरवर काढून त्यावरून स्क्रीन तयार होतो, म्हणून फाइलमध्ये दोन रंग खरोखरच दोन थरांवर स्वच्छ वेगळे असावे लागतात. पुठ्ठा किंचित सरकला तरी दोन रंगांमध्ये फट दिसते, ती टाळण्यासाठी फिका रंग गडद रंगाखाली अर्धा-एक मिलिमीटर वाढवून ठेवावा लागतो. हे पुस्तकात वाचून कुणीही करत नाही. मोसंबी आणि तिचे पान यांच्यामध्ये पुठ्ठ्याची भुरी रेघ चमकलेली पाहिली की सगळे करतात.

अंबडकडच्या एका विद्यार्थ्याने लेबल केले, त्याचे वडील ते पाहायला महाविद्यालयातच आले. त्यांनी कागद हातभर लांब धरला आणि म्हणाले, “सर, चित्र चांगलं हाय, पण नाव खाली गेलंय. मार्केटात थप्पी लागली की वरचंच तेवढं दिसतंय, तेही बाजूचं.” आम्ही सगळे लेबल वरच्या झाकणाचे समजून बसलो होतो. बाजार समितीच्या आवारात खोकी एकावर एक रचलेली असतात आणि व्यापाऱ्याला दिसते ती अरुंद बाजू, ही गोष्ट वर्गात कुणाच्याही डोक्यात नव्हती. त्या मुलाने नाव वरच्या कडेशी आणले, मोसंबीची फोड अर्धीच ठेवून कडेला कापली, आणि दोन खोकी शेजारी ठेवली की फोड पूर्ण होईल अशी रचना केली. सगळ्या सत्रातले ते मला सर्वांत आवडलेले काम.

सॉफ्टवेअरविषयी मुलांच्या मनात फार प्रश्न असतात, म्हणून त्याबद्दलही लिहितो. मी शिकवतो इंकस्केपवर, कारण ते फुकट आहे आणि मुलांना घरी, भावाच्या जुन्या लॅपटॉपवरही चालवता येते. पण फ्लेक्स आणि छपाईच्या दुकानांत कोरलड्रॉचेच राज्य आहे, त्यामुळे सत्राच्या उत्तरार्धात तेही शिकवतो. इलस्ट्रेटरमध्ये मराठी मजकूर टाकताना दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडला नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते आणि जोडाक्षरे फुटतात, हे न कळल्यामुळे कितीतरी मुले तो प्रोग्रॅमच सोडून देतात. दुकानात फाइल देण्यापूर्वी मजकूर कर्व्हमध्ये बदलणे, म्हणजे अक्षरांचे साधे आकार करून टाकणे, ही सवय मी पहिल्या कामापासून लावतो, कारण दुकानातला संगणक जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांवर चालत असतो आणि ‘मुक्ता’सारखा युनिकोड फॉन्ट तिथे असेलच याची खात्री नसते. मात्र बदलण्यापूर्वीची एक प्रत जपून ठेवायची, नाहीतर मोबाइल नंबर बदलला की सगळे अक्षर-अक्षर जोडत बसावे लागते. चित्रांकनाच्या टॅबलेटची मागणी दरवर्षी होते. पेन टूलला हाताचा दाब लागत नाही, निर्णय लागतो, त्यामुळे साधा माउस पुरतो, या माझ्या मतावर अजून तरी मी ठाम आहे.

गुणांच्या बाबतीत मी अर्धे गुण तयार वस्तूला आणि अर्धे फाइलच्या बांधणीला देतो. तपासताना आधी बाह्यरेषेचे दृश्य उघडतो, मग रंग पाहतो. ही पद्धत सर्वांना मान्य नाही. गेल्या तुकडीतल्या एका विद्यार्थ्याचे मोबाइलसाठी केलेले देखणे पोस्टर सगळ्यांनी वाखाणले, पण बिंदूंच्या गर्दीमुळे त्याला माझ्याकडून कमी गुण मिळाले, तेव्हा त्याने स्पष्टच विचारले की हे चित्र कुठल्याही पात्याखाली किंवा स्क्रीनखाली जाणार नाही, ते फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिले जाणार, मग त्यातले बिंदू कमी असले काय आणि जास्त असले काय. त्याच्या बोलण्यात तथ्य होते. पडद्यापुरत्या चित्राला दुकानाची कसोटी लावणे न्याय्य नाही, आणि त्या पोस्टरपुरते गुण मी बदलले. या सत्रापासून मी आणखी एक काम जोडले आहे: गावाच्या आरोग्य उपकेंद्रासाठी एसव्हीजी स्वरूपातले दिशादर्शक चित्रांचे पान, जे मोबाइलवर, रेंज जेमतेम असताना उघडले पाहिजे. तिथे बिंदू जास्त म्हणजे मजकूर जास्त, आणि फाइल तेवढी जड. पाने किती वेळात उघडतात ते मुले सध्या आपापल्या गावी सुट्टीला गेल्यावर तपासून आणत आहेत.